राजीनामा दिल्यावर कंपनी पगार वाढवून थांब म्हणाली तर काय करायचं

राजीनाम्याचा मेल गेला की बऱ्याचदा एक दोन दिवसांतच मॅनेजर बोलावून घेतो आणि म्हणतो, अरे थांब ना, ते जेवढे देतायत तेवढे आम्ही पण देतो. ऐकून बरं वाटतंच, इतकी वर्षं केलेल्या कामाची कुणीतरी दखल घेतली असं वाटतं, आणि नेमकं त्याच भरात लोक हो म्हणून मोकळे होतात. तसं करू नका. होही म्हणू नका, नाहीही म्हणू नका, दोन दिवस मागून घ्या आणि काय देताय ते मेलवर पाठवा एवढंच सांगून बाहेर या.

आता घरी बसून नोकरी शोधायला का लागलो ते लिहून काढा. खरं तर हे राजीनाम्याच्या आधीच लिहून ठेवलेलं सगळ्यात चांगलं, कारण साहेबांनी एकदा कौतुक केलं की जुना त्रास आपोआप छोटा वाटायला लागतो. मग प्रत्येक कारणापुढे विचारा, या ऑफरने हे बदलणारे का? पगार कमी होता तर हो, बदलेल. पण रात्री उशिरापर्यंत कॉल चालतात, मॅनेजरशी पटत नाही, तेच तेच काम करून नवीन काही शिकायला मिळत नाही, प्रमोशन दरवर्षी पुढच्या वर्षावर जातं, यातलं काही असेल तर वाढलेल्या पगारात पण सोमवार तोच राहणारे. माझ्या मते सगळा निर्णय या कागदावर आहे, बाकी गोष्टी नंतर.

कंपनी थांबवते कारण नवीन माणूस शोधायचा, त्याला शिकवायचं, तोपर्यंत प्रोजेक्ट अडकणार. यात चूक काहीच नाही, पण ती त्यांची गरज आहे हे लक्षात असू द्या. आधी तुम्ही पगारवाढ मागितली होती आणि बजेट नाही म्हणाले होते का? मग आता दोन दिवसांत बजेट कुठून आलं हे सरळ विचारा, शांतपणे विचारलं तर कुणाला राग येत नाही. आणि मॅनेजरने आधी तू का चाललायस हे विचारलं, का न विचारता थेट आकडाच सांगितला, त्यावरून पण बरंच कळतं.

पैशाचा हिशोब करताना एकूण पॅकेज बघून फसायला होतं. समजा आत्ताचा पगार 100 आहे, नवीन कंपनी 130 फिक्स देतेय आणि जुनी पण 130 म्हणतेय, पण त्यातले 20 व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून, मिळतीलच असं नाही असे, असतील तर खरे हातात 110च. वाढ कधीपासून लागू, पुढच्या अप्रेझलची वाढ यातच धरलीय का, रिटेन्शन बोनस, म्हणजे थांबण्यासाठी दिलेले जादा पैसे, असेल तर किती महिने थांबायची अट आहे आणि आधी सोडलं तर परत द्यावा लागेल का, हे सगळं विचारा. नवीन कंपनीच्या जॉइनिंग बोनसला पण बऱ्याचदा अशीच अट असते, ती पण वाचा. टीम बदलून देतो, सहा महिन्यांत प्रमोशन करतो असलं काही तोंडी असेल तर ते धरूच नका, कारण शब्द देणारा मॅनेजर उद्या स्वतःच कंपनी सोडून गेला तर विचारणार कुणाला? तारखेसकट एचआरच्या पत्रात आलं तरच मोजा.

थांबणं नेहमी चुकीचंच असतं असं नाही हां. कारण फक्त पगार होतं, काम आवडतं, मॅनेजर चांगला आहे आणि सगळं लेखी मिळालं तर खुशाल थांबा. फक्त हा सोडून जाऊ शकतो असं काहींच्या मनात राहतं, म्हणून पुढच्या वर्षी माझ्याकडे कुठलं काम असेल हेही आत्ताच विचारून घ्या.

थांबायचं ठरलं तर आधी नवीन कंपनीच्या ऑफर लेटरमधल्या अटी वाचा, सही केली असेल तर जास्तच नीट, आणि मग त्याच दिवशी त्यांना फोन करून सांगा, वर मेल पण टाका. जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद ठेवणं हा प्रकार अजिबात नको, त्यांनी तुमच्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी नाही म्हटलेलं असतं. जायचं ठरलं तर मॅनेजरला, ऑफरबद्दल आभार, पण माझा निर्णय पक्का आहे, एवढं पुरे, कारणांची यादी देऊ नका नाहीतर प्रत्येक कारणावर नवीन बोलणी सुरू होतात. आणि शेवटची तारीख मेलवर कन्फर्म करून घ्या.