ज्वारीच्या कणसाच्या आकाराचं, वाऱ्यावर फिरणारं शिल्प कसं करावं

पाच मजले, प्रत्येक मजल्यावर तीन पानं, आणि एकाआड एक मजला उलट फिरणारा. खाली रुंद, वर निमुळतं. तालुक्याच्या ठिकाणी ट्रॅक्टर-ट्रॉली बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये, एका लेथवाल्याच्या मदतीने हे शिल्प तयार होतं. ते उभ्या दांड्याभोवती फिरतं, त्यामुळे त्याला शेपूट लागत नाही. मराठवाड्यात हा मोठा फायदा आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून बराचसा एकसारखा वाहतो, पण एप्रिल-मेच्या दुपारी तो घडीघडीला दिशा बदलतो आणि शेपटीवाली शिल्पं नुसती डोकं हलवत बसतात.

आधी ताकदीचा हिशोब. आयएस ८७५ (भाग ३) या भारतीय मानकात औरंगाबादसाठी (आताचं छत्रपती संभाजीनगर) वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणलं की दाब मिळतो : चौरस मीटरला साधारण ९१० न्यूटन, म्हणजे ९३ किलोचा भार. आपल्या कणसाचं वाऱ्याला अडणारं क्षेत्र ०.४ चौरस मीटरच्या आसपास आहे. आकाराचा गुणांक धरला तर वादळात त्यावर पन्नासेक किलोचा आडवा रेटा येतो. म्हणूनच मधला दांडा २० मिमीचा घेऊ नये, तो वाकतो. २५ मिमीचा ब्राइट बार, म्हणजे गुळगुळीत, नेमक्या मापाचा लोखंडी गज घ्यावा, लांबी दीड मीटर. खांबाला अडीच इंची बी-क्लास (मध्यम जाडीचा) पाइप पुरतो, पण शाळेच्या मैदानात मुलं लोंबकळणारच, तिथे तीन इंची लावा. खांबाची उंची २.४ मीटर ठेवली की खालच्या पानाला कुणाचा हात लागत नाही.

पानं १ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. खालून वर लांबी ४००, ३४०, २८०, २२० आणि १६० मिमी, रुंदी लांबीच्या निम्मी. पान सपाट ठेवलं तर फिरणार नाही आणि नुसतं पन्हळीसारखं वाकवलं तर जेमतेम फिरेल. वारा खोलगट बाजूला अडतो आणि फुगीर बाजूवरून निसटतो, या फरकावरच सगळं चालतं. अर्धगोलात हा फरक जवळजवळ चौपट असतो, अर्ध्या पाइपात दुपटीच्या आत. म्हणून पान दोन्ही दिशांनी खोल हवं. वाळू भरलेल्या पोत्यावर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने कडेकडून मध्याकडे ठोकत या. खोली रुंदीच्या पाचव्या हिश्शाइतकी पुरे. जास्त खोल केलं तर शिल्प पंख्यासारखं भरभर फिरतं आणि पानं दिसेनाशी होतात, मग एवढ्या मेहनतीचा उपयोग काय? ठोकून झाल्यावर शेवटी ५ मिमीची कड आत मुडपा. पत्रा ताठ होतो आणि हातही कापत नाही.

आता हब, म्हणजे प्रत्येक मजल्याचा फिरणारा भाग. बहुतेक शिल्पं इथेच बिघडतात. बाहेरचा व्यास ६५ मिमी आणि भिंत १० मिमी अशा सीमलेस पाइपाचे १०० मिमीचे पाच तुकडे घ्या. कागदाची पट्टी हबभोवती गुंडाळून तिची तिहेरी घडी घाला, १२० अंशांच्या तीन खुणा मिळतात. तिथे २०×५ मिमीच्या लोखंडी पट्टीचे ६० मिमीचे तुकडे वेल्ड करा. तुकडे आखूडच ठेवायचे, लांब ठेवले तर हब लेथवर फिरणार नाही. वेल्डिंग झाल्यावरच दोन्ही टोकांना १५ मिमी खोल, ५२ मिमीचं बोअर मारायचं. आधी बोअर आणि मग वेल्डिंग केलं तर उष्णतेने भोक अंडाकृती होतं आणि बेअरिंग बसताक्षणीच आवळतं.

बेअरिंग ६२०५ नंबरचा, पाण्याच्या मोटरींतही बरेचदा हाच असतो. एका हबला दोन, म्हणजे एकूण दहा. लेथवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा : मोटरीत शाफ्ट फिरतो, इथे शाफ्ट स्थिर आणि हब फिरतो. म्हणून बाहेरची रिंग हबमध्ये घट्ट, ठोकून बसणारी हवी आणि आतली रिंग दांड्यावर हाताने सरकणारी. सवयीने तो उलट करतो. मग बाहेरची रिंग हबमध्ये घसरत राहते आणि दोन पावसाळ्यांत बोअर झिजतं.

दोन बेअरिंगच्या मध्ये आतल्या रिंगांना टेकणारा ७० मिमीचा स्पेसर टाका. तो ०.१ ते ०.२ मिमी जास्त चालेल, कमी अजिबात नको, नाहीतर वरचा नट आवळला की हब जाम होतो. दोन मजल्यांच्या मधला स्पेसर १४० मिमीचा. दोन्ही स्पेसरचा बाहेरचा व्यास ३१ मिमीच्या वर जाऊ देऊ नका, त्याहून जाड असला तर बेअरिंगच्या सीलला घासतो. बेअरिंग रबरी सीलचे घ्या, कारण इथली धूळ पत्र्याच्या सीलमधून आत शिरते. मात्र रबर घासत असल्यामुळे वरचे दोन छोटे मजले मंद वाऱ्यात हलत नाहीत. त्या चार बेअरिंगचं हबच्या आतल्या बाजूचं सील टाचणीने अलगद उचलून काढून टाका.

पानाच्या मधून शिरेसारखी पट्टी दोन तृतीयांश लांबीपर्यंत न्या आणि आखूड तुकड्याला दोन एम-६ बोल्टने जोडा. पट्टी बुडाशीच संपवली तर पत्रा थरथरून पहिल्या भोकापासूनच तडकतो. पॉप रिव्हेट ढिले होतात, म्हणून पान बसवायला एम-५ बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) आणि मोठे वायसर वापरा. लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या मध्ये रबराचा तुकडा घाला, नाहीतर पावसाळ्यात पत्रा भोकाभोवती पांढरा पडून खायला लागतो. एका मजल्याची तिन्ही पानं एकाच दिशेला तोंड करून आणि वरच्या मजल्याची उलट.

तोल सगळ्यात जास्त वेळ खातो आणि खाऊ द्यावा. वाऱ्याच्या झुळकीवर डुलणारी मोबाइल शिल्पं करणारे अलेक्झांडर काल्डर हे १९१९ सालचे मेकॅनिकल इंजिनिअर होते, हे इथे समजतं. दांडा दोन घोड्यांवर (वर्कशॉपमधल्या स्टँडवर) पाणसळीत आडवा ठेवा, एक हब चढवा, पानं लावून हलकेच फिरवा आणि थांबू द्या. पाच-सहा वेळा तेच पान खाली येत असेल तर ते जड आहे. समोरच्या बाजूला बोल्टमध्ये वायसर वाढवत जा, मजला कुठेही थांबू लागेपर्यंत. रंग लावल्यावर हे पुन्हा करावं लागतं, म्हणून रंग आधी आणि तोल नंतर. खांब उभा केल्यावर ओळंबा दोन बाजूंनी लावा. तोल चुकलेला आणि खांबही कललेला असेल, तर शिल्प रोज एकाच जागी अडून बसतं.

दांडा खांबात ३०० मिमी उतरवा. पाइपाच्या आत एकमेकींपासून २५० मिमी अंतरावर, २५ मिमी भोक असलेल्या दोन चकत्या वेल्ड करून त्यांत तो बसवायचा. हे वेल्डिंग बेअरिंग चढवण्याआधीच उरका, करंट बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर डाग पडतात. वर डबल नट आणि टोपी.

पाया काळ्या मातीत टेकवू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब कलतो. मुरूम लागेपर्यंत खणा. अडीच फूट बाय अडीच फूट, किमान तीन फूट खोल, एम-२० काँक्रीट : सिमेंट साधारण साडेचार पोती. खांबाखाली २५० मिमी चौरस, १२ मिमी जाड प्लेट आणि ४५० मिमी लांबीचे काँक्रीटमध्ये रोवायचे चार एम-१६ जे-बोल्ट (खालचं टोक वाकवलेले). उन्हाळ्यात चौदा दिवस पाणी मारल्याशिवाय खांब चढवू नका. भिंत किंवा झाड जवळ असेल तर त्याच्या उंचीच्या दहापट दूर जा. विजेच्या तारांपासून इतकं अंतर ठेवा, की खांब आडवा पडला तरी तारेला लागणार नाही. खांबाला स्वतंत्र अर्थिंग द्या आणि वळवाच्या दिवसांत गडगडू लागलं की तिथे कुणी थांबू नये अशी पाटी लावा.

दर वर्षी मृगाच्या आधी नट तपासा आणि प्रत्येक मजला हाताने फिरवून बघा. खरखर ऐकू आली तर तेवढेच बेअरिंग बदला. पण खालच्या मजल्याचे बदलायचे असतील तर वरचे सगळे उतरवावे लागतात, म्हणून हबवर खालून वर १ ते ५ आकडे पंचाने आधीच मारून ठेवा.