ढास कधी लागते, ते आधी लिहून काढा

आईला अडीच महिने कोरडा खोकला होता. बेडका नाही, ताप नाही, नुसती ढास. अडुळशाच्या तीन बाटल्या संपल्या. रात्री दाढेखाली लवंग, दिवसभर जेष्ठमधाची काडी. शेवटी मी एक वही केली आणि खोकला कधी येतो ते आठ दिवस लिहीत गेले. चौथी बाटली आणण्याआधी तुम्हीही हेच करा.

आडवं झाल्यावर ढास लागते, तोंडात आंबट पाणी येतं? मग बहुधा पित्त वर येतंय. झोपण्याच्या तीन तास आधी जेवा, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली वीट ठेवा. पहाटे किंवा गार हवेत वाढतो, छातीत शिट्टी वाजते? दमा असू शकतो, आणि दम्यात कधी कधी खोकला सोडून दुसरं काही दिसतच नाही. सर्दी-तापानंतर मागे राहिलेला खोकला 3 ते 8 आठवडे रेंगाळतो. त्यासाठी अँटिबायोटिक मागू नका, उपयोग होत नाही.

आईच्या वहीत यातलं काहीच जुळेना. सकाळ, दुपार, जेवताना, देवापुढे बसल्यावर, केव्हाही ढास. डॉक्टरांनी वही चाळली आणि विचारलं, “बीपीची गोळी कोणती चालू आहे?” रामिप्रिल. चार महिन्यांपूर्वी सुरू झालेली. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल याच घराण्यातली. या गोळ्या शरीरातल्या ज्या एन्झाइमला (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) अडवतात, तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्यही मोडत असतं. मग ते द्रव्य मोडलं जात नाही, साठतं आणि घसा खवखवत राहतो. खोकला गोळी सुरू झाल्यावर लगेच येईल असं नाही, काही महिन्यांनीही येतो. म्हणून कुणाला संशय येत नाही. आणि जेष्ठमध! रोज चघळला तर रक्तदाब वाढतो, हे मला तेव्हा कळलं. काडी मीच बाजारातून आणत होते, याचं अजून वाईट वाटतं.

डॉक्टरांनी रामिप्रिलऐवजी टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी दिली. तीन आठवड्यांत ढास थांबली. मात्र बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका, ती बदलायची डॉक्टरांनीच.

तोवर आरामासाठी झोपताना चमचाभर मध, कोमट पाण्याचे घोट, मिठाच्या गुळण्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. फोडणी देताना खिडकी उघडा, घरात उदबत्ती आणि कॉइल बंद ठेवा.

खोकल्याला दोन आठवडे उलटले तर थुंकीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी फुकट होते. खोकल्यातून रक्त, धाप, वजन घटणं, संध्याकाळचा ताप यांतलं काही दिसलं तर वही बाजूला ठेवा, त्याच दिवशी दाखवा. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या, संपलेलीसुद्धा.