जुनी पिकअप थंडीत सकाळी चालू होत नाही? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत पहाटे वाई, मेढा, पाचगणी, महाबळेश्वर पट्ट्यात कुठंही थांबा, कुणाची ना कुणाची पिकअप खर्र खर्र करत असतेच. मागं स्ट्रॉबेरीचे क्रेट भरलेत, पुण्याच्या मार्केट यार्डला वेळेत पोचायचंय आणि गाडी काही चालू होईना. दुपारी हीच गाडी अर्ध्या सेल्फला चालू होते, मग मालक म्हणतो बॅटरी गेली, नवीन बॅटरी बसते, हजारो रुपये जातात आणि दोन-चार दिवसांत पहाटे परत तेच. याचं खरंच वाईट वाटतं, कारण फॉल्ट कुठल्या बाजूला आहे ते बहुतेक वेळा गाडी स्वतःच सांगत असते. सेल्फ मारताना दोनच गोष्टी बघा, इंजिन किती जोरात फिरतंय आणि सायलेन्सरमधून काय येतंय.

इंजिन जड, रेंगाळत फिरतंय तर बॅटरी, वायर, सेल्फ नाहीतर ऑइल. जोरात फिरतंय आणि पांढरा धूर येतोय पण पकडत नाही, म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटायला गरमी कमी पडतेय, हिटर प्लग (चालू करायच्या आधी सिलिंडरमध्ये गरमी देणारे) बघा. जोरात फिरतंय आणि धूरच नाही, म्हणजे डिझेल नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो) पोचतच नाही, एअर धरलीय म्हणजे पाइपात हवा शिरलीय, किंवा पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारी विजेची झडप) उघडत नाही. एवढं बघितल्याशिवाय कुठलाही पार्ट विकत आणू नका. (हे सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाड्यांचं सांगतोय. कॉमन रेल गाडी (नवीन, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्शनची) असेल तर नोझलचे पाइप स्वतः ढिले करायला जाऊ नका, त्यात हजार बारच्या वर प्रेशर असतं, डिझेलची धार कातडीत घुसते.)

हिटरची लाइट लागली म्हणजे प्लग चालू, असं समजू नका

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. डॅशबोर्डवरची ती पिवळी लाइट बहुतेक जुन्या गाड्यांत टायमरवर चालते, चारही प्लग मेलेले असले तरी ती शहाण्यासारखी लागते आणि विझते. एक प्लग गेला तर गाडी तीन सिलिंडरवर पकडते, थोडा वेळ थरथरते, पांढरा धूर सोडते आणि मग साफ होते, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. दुसरा गेला की पहाटेचे वांधे सुरू.

तपासायला टेस्ट लॅम्प (दोन वायरींचा छोटा बल्ब) पुरतो. इंजिन बंद ठेवून चारही प्लगना जोडणारी पट्टी काढा, लॅम्पची एक बाजू बॅटरीच्या प्लसला लावा आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला टेकवा. लॅम्प लागला तर प्लगची वायर आतून शाबूत आहे, नाही लागला तर प्लग गेला. मल्टिमीटर असेल तर थंड, चांगला प्लग साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो. प्लग चांगले निघाले तर पट्टी परत बसवा, चावी हिटरवर ठेवा आणि आता लॅम्पची एक बाजू बॉडीला, दुसरी पट्टीला लावून करंट येतोय का बघा, नसेल येत तर रिले किंवा फ्यूज. प्लग खोलताना मात्र घाई नको, जुना प्लग हेडमध्ये जाम असतो, जोर लावला की तुटतो आणि मग हेड उतरवायची पाळी येते, त्यामुळे इंजिन गरम असताना, गंज सोडवायचा स्प्रे मारून, हळूहळू पुढं-मागं करत काढा.

आणखी एक, शेजाऱ्याच्या गाडीला हिटर आहे म्हणजे तुमच्याही असणारच असं नाही. इनडायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांना (डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारतात ती), म्हणजे महिंद्राच्या जुन्या प्युजो इंजिनासारख्यांना, हिटरशिवाय थंडीत भागत नाही, पण डायरेक्ट इंजेक्शनची (डिझेल थेट पिस्टनवर फवारतात ती) कितीतरी जुनी इंजिनं बिनहिटरचीच असतात. हेडवर प्लग आहेत का ते आधी बघून घ्या.

उतारावर गाडी लावायची सवय

आपल्याकडं गावोगावी हा उपाय ठरलेला, रात्री गाडी उतारावर तोंड करून लावायची आणि सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला ढकलून चालू करायची. याने दोन नुकसानं होतात. एक तर इंजिन बंद असताना ब्रेकच्या बूस्टरला (ब्रेक हलका करतो तो डबा) व्हॅक्यूम मिळत नाही, पॅडल दगडासारखं कडक होतं, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड. पसरणी घाटासारख्या रस्त्यावर माल भरलेली गाडी अशी सोडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, कृपा करून करू नका.

दुसरं असं की त्याने फॉल्ट झाकला जातो. टाकी मागं आणि खाली, पंप पुढं आणि वर. कुठंतरी पाइपला बारीक चीर असेल, फिल्टरचं वायसर दबलेलं असेल तर रात्रभरात डिझेल मागं टाकीकडं उतरतं आणि त्याच्या जागी हवा शिरते. तोंड उताराकडं असेल तर उतरत नाही. म्हणून एक रात्र गाडी तोंड चढाला करून लावा आणि दुसऱ्या रात्री उताराला. पहिल्या सकाळी त्रास आणि दुसऱ्या सकाळी कमी, असं झालं तर बॅटरी आणि प्लग सोडा, एअर कुठून घेतेय ते शोधा. फिल्टरवरचा हँड पंप मारून बघा, मारल्यावर लगेच चालू झाली तर खात्रीच. पंपाच्या आधी थोडा वेळ पारदर्शक पाइप जोडला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. पाचशे-सातशे रुपयांत वायसर, क्लिपा आणि पाइप बदलून हे काम मिटू शकतं. फिल्टरखालचं पाणी पण काढून टाका.

बॅटरीकडची कामं

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जायला नको आणि गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला पाहिजे. आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची. इंजिनावरून चेसीला जाणारी अर्थची पट्टी तर कुणी बघतच नाही, ती गंजलेली असली की नवीन बॅटरीसुद्धा मेल्यासारखी वागते.

जंप, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबलनं करंट, उसाच्या ट्रकवरून घेऊ नका. सीझनमध्ये कारखान्याच्या रस्त्याला ट्रक लगेच मिळतो, पण मोठ्या ट्रकची सिस्टिम बहुतेक २४ व्होल्टची असते, आपल्या १२ व्होल्टच्या गाडीचं वायरिंग आणि रिले उडतील. ट्रॅक्टर किंवा दुसरी पिकअप बघा. शेवटची निगेटिव्ह क्लिप बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये मिनिटभर थांबा. क्लच दाबून मारा, गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑइलचा भार सुटतो. इंजिन ऑइल खातंय म्हणून २०डब्ल्यू-५० भरलं असेल तर थंडीत ते इंजिनाला जड फिरवतं, कंपनीनं १५डब्ल्यू-४० सांगितलं असेल तर तेच घाला. आणि सेल्फ मारायच्या आधी अॅक्सिलरेटर हाणू नका, ती पेट्रोलच्या कार्ब्युरेटरची सवय, डिझेलला इंजिन फिरल्याशिवाय पंप काही टाकत नाही.

हे तर अजिबातच नको

एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटतं फडकं धरणं आणि हिटरच्या गाडीत ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारणं. तापलेल्या प्लगवर ईथर भलत्याच वेळी भडकतं, त्यात पिस्टन, रिंगा फुटतात. टाकीत रॉकेल किंवा पेट्रोल ओतायची पण गरज नाही. भारतीय मानकाप्रमाणं हिवाळ्यातलं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून जायलाच हवं, वाई-साताऱ्यात पारा त्याच्या खाली क्वचितच उतरतो आणि महाबळेश्वरच्या वेण्णा लेककडं दवबिंदू गोठतात ते जमिनीलगत, तुमच्या टाकीत नाही. रॉकेलनं पंपाचं वंगण जातं आणि पेट्रोलनं आगीची भीती.

सगळं ठीक निघालं आणि तरी पहाटे चालू होत नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जात नाही. गाडी चालू असताना ऑइलचं झाकण काढल्यावर भकाभका धूर येतो का बघा, येत असेल तर रिंगा झिजल्यात. व्हॉल्व्हचं टॅपेट सेटिंग पण तपासायला सांगा, ते बिघडलं तरी हाच त्रास होतो आणि त्याला खर्च फारसा नाही. गॅरेजला मात्र गाडी सकाळी चालवत नेऊ नका, तिथं पोचेपर्यंत इंजिन गरम होतं आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही. आदल्या संध्याकाळी नेऊन सोडा, रात्रभर तिथंच राहू द्या आणि त्याला सांगा, सकाळी पहिला सेल्फ मी आल्यावर माझ्यासमोर मारा.