पॅच येण्याआधीची तयारी: पोटातली प्रत शोधून ठेवा

सर्व्हरची यादी, बॅकअप, कोणाकडे कुठला ॲक्सेस, हे सगळ्यांकडे असतंच. पॅच, म्हणजे दोषाची दुरुस्ती, आला की खरी लागते ती लायब्ररींची (प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडची) यादी, आणि तीही पोटातल्या, म्हणजे दुसऱ्या पॅकेजच्या आत दडलेल्या, प्रतींसकट. मागच्या वेळी नेमकं तेच राहिलं, म्हणून आधी तेच.

2023 च्या सप्टेंबरात, गणपती बसायच्या आठवडाभर आधी, लिबवेबपी या वेबपी चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीतला दोष जाहीर झाला. मुद्दाम बिघडवलेलं वेबपी चित्र उघडलं, की चित्र उलगडायला लागणारा हफमन तक्ता भरताना राखीव मेमरीच्या पलीकडे लिहिलं जायचं. दुरुस्ती 1.3.2 मध्ये आली. सर्व्हरवर अपग्रेड चालवला, सिस्टिमची लायब्ररी सुधारली, तिकीट बंद. चूक इथेच होते! पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने) घेतलेली पिलो, म्हणजे पायथनची चित्रं हाताळणारी लायब्ररी, सिस्टिमची लायब्ररी वापरतच नाही. तिच्या व्हीलमध्ये, म्हणजे तयार पॅकेजमध्ये, लिबवेबपीची स्वतःची प्रत येते. साइट-पॅकेजेसमधलं (पायथनची पॅकेजं बसतात त्या जागेतलं) पिलो डॉट लिब्स फोल्डर उघडा, तिथेच बसलेली असते. पिलो 10.0.1 वर नेल्याशिवाय ती हलत नाही. नोडमधल्या (जावास्क्रिप्टच्या) शार्प या चित्रांच्या लायब्ररीचंही तसंच, तिथे 0.32.6 लागतं. इलेक्ट्रॉन या साच्यावर बनवलेलं प्रत्येक डेस्कटॉप ॲप आपलं क्रोमियम, म्हणजे अख्खा ब्राउझर, सोबत घेऊन येतं, म्हणजे आणखी एक प्रत.

तेव्हा प्रत्येक सर्व्हिससमोर तीन रकाने करा: सिस्टिमची प्रत, पॅकेजच्या पोटातली प्रत, स्टॅटिक लिंक केलेली, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलमध्येच मिसळलेली, प्रत. तिसरी सगळ्यात वाईट, कारण वेगळी फाइलच सापडत नाही. बिल्ड स्क्रिप्ट वाचावी लागते. रकाना रिकामा सोडू नका. प्रत नसेल तर 'नाही' लिहा आणि कोणी तपासलं तेही लिहा. दोष शोधणाऱ्या स्कॅनरने हिरवं दाखवलं म्हणून निश्चिंत होऊ नका. तो बहुतेक वेळा पॅकेजांच्या नोंदी वाचतो, पोटात हात घालत नाही. थेट प्रोग्रामलाच विचारा. 'पायथन -एम पीआयएल' चालवलं की वेबपीच्या ओळीत लोड झालेला आकडा येतो. तो खरा.

सिस्टिमच्या प्रतीबाबत मात्र आकड्याने फसू नका. डेबियन 12 या लिनक्सने दुरुस्ती जुन्याच 1.2.4 मध्ये घातली, फरक फक्त शेपटीच्या 'डेब12यू1'चा. ती शेपटी बघा.

मग रीस्टार्ट. डिस्कवर नवी फाइल आली तरी चालू प्रोसेस जुनीच प्रत मेमरीत धरून बसते. प्रोसेसच्या मॅप्स फाइलमध्ये लायब्ररीच्या नावापुढे 'डिलीटेड' दिसलं, तर पॅच लागूच झालेला नाही. कुठली सर्व्हिस आधी बंद करायची आणि कुठली नंतर, हा क्रम आजच लिहून ठेवा.

कंटेनर (प्रोग्राम आणि त्याच्या लायब्ररी एकत्र बांधलेले डबे) असतील तर बेस इमेज, म्हणजे त्यांचा पाया, नव्याने ओढून रिबिल्ड. कॅशमधले थर वापरू नका, त्यांत जुनी प्रत तशीच राहते. होय, पुन्हा पोटातलीच.

ऑन-कॉलला दोन माणसं हवीत, एकटा नको. संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस काय रीस्टार्ट करणार? गणपतीच्या सुट्ट्या आणि गुरुवारची वीजबंदी धरूनच पाळ्या लावा.

रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर परत जाणं), ग्राहकांना मेल, लॉग जपणं, हे नेहमीचंच. तिकीट बंद करण्याआधी ते तीन रकाने पुन्हा उघडा, मधला सगळ्यात आधी.