काकांची डिस्क नव्या घरी नेण्याआधी

रविवारी रामबागेत काकांकडे जायचंय. त्यांची 500 जीबीची हार्ड डिस्क कटकट वाजायला लागलीय, लिनक्स सुरू होता होता अडकतं. नव्या डिस्कवर जशीच्या तशी नक्कल उतरवायची. पोहे तिथेच होतील, तयारी मात्र इंदुरातल्या आपल्या घरूनच करून निघायची.

आधी नवी डिस्क. दुकानदार 'तेवढीच आहे हो' म्हणत 480 ची एसएसडी पुढे करतो, ती घ्यायची नाही. 500 ची डिस्क साधारणपणे 500107862016 बाइटची असते, 480 ची 480103981056. तब्बल वीस जीबी कमी. डीडी, म्हणजे नक्कल उतरवणारा लिनक्सचा आदेश, हे आधी तपासत नाही. तासन्‌तास लिहितो आणि शेवटी 'जागा उरली नाही' म्हणून थांबतो. म्हणून 512 चीच.

नवी डिस्क यूएसबीला जोडायचा अडॅप्टर यूएसबी 3 चा, आणि तो निळ्या पोर्टातच खोचायचा. जुन्या पोर्टात सेकंदाला 35 एमबी मिळाले तर चार तास बसावं लागेल. लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरूनच लिनक्स सुरू होतं तो) घरीच एकदा चालवून बघायचा, कारण चालू सिस्टिमची नक्कल धड उतरत नाही.

दोन्ही डिस्कच्या लेबलांचे फोटो काढून ठेवायचे. लिनक्स डिस्कना देतं त्या एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबायचं नाही, रीबूट झाला की अदलाबदल होऊ शकते. डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलके आदेशात सिरियल नंबरचा रकाना मागवायचा, फोटोशी जुळवायचा, मगच डीडीचे आयएफ (कुठून वाचायचं) आणि ओएफ (कुठे लिहायचं) लिहायचं. एकदा मी ओएफमध्ये एसडीसी लिहिलं आणि अडॅप्टर नेमका ढिला होता. त्या नावाचं उपकरणच नव्हतं, म्हणून डीडीने त्या नावाची साधी फाइल उघडली, तीही रॅममध्ये. काही सेकंदांतच 'जागा उरली नाही'. मी अर्धा तास नव्या डिस्कलाच शिव्या घालत होतो.

काकांची डिस्क वाजतेय, तेव्हा डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलने पेंडिंग सेक्टर (डिस्कला वाचता न आलेले तुकडे) बघायचे. शून्याहून जास्त निघाले तर डीडीला हातच लावायचा नाही. तो पहिल्या खराब सेक्टरवर थांबतो. नोएरर (चूक आली तरी पुढे जा) दिलं आणि सिंक (न वाचलेली जागा शून्यांनी भर) विसरलं तर पुढचा सगळा डेटा सरकतो. सिंक दिलं आणि ब्लॉक (एका वेळी वाचायचा तुकडा) 4 एमबीचा ठेवला तर एका सेक्टरपायी आजूबाजूचा चांगला डेटाही शून्य होऊ शकतो. त्यापेक्षा खराब डिस्कसाठीचा डीडीरेस्क्यू. उबंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, कमांड मात्र डीडीरेस्क्यू; आजच उतरवून ठेवायचं. त्याची मॅपफाइल (किती नक्कल झाली याची नोंद) वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवायची. लाइव्ह सिस्टिमच्या फोल्डरात ठेवली आणि लाइट गेली, तर कुठवर आलो होतो हेच कळणार नाही.

झाल्यावर संगणक बंद करून जुनी डिस्क काढायची, मगच नवीवर सुरू करायचा. दोन्हींचे यूयूआयडी (लिनक्स ज्याने विभाग ओळखतं तो क्रमांक) एकच, त्यामुळे कुठली माउंट होईल, म्हणजे वापरात घेतली जाईल, याचा भरवसा नाही. नवी डिस्क मोठी, त्यामुळे जीपीटीची (डिस्कच्या विभागांच्या तक्त्याची) राखीव प्रत जुन्या शेवटाशीच राहिलेली असेल, ती एसजीडिस्क या आदेशाच्या 'उणे ई'ने खऱ्या शेवटाला न्यायची.

जुनी डिस्क काकांच्या कपाटात, वर तारीख लिहून. पुसायची नाही, काकांनी कितीही आग्रह केला तरी.