पडद्यावरची उडी वहीत कशी तपासावी

रविवारी दुपारची जेवणं झाली की टीव्हीवर कुठला तरी डब केलेला सिनेमा लागतो. हिरो तुटलेल्या पुलावरून बस उडवतो आणि घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "काहीही दाखवतात!" दुसरा म्हणतो, "वेग असला तर जाईल की." हिशेब मात्र दोघांपैकी कुणीच करत नाही. खरं तर तो दहा मिनिटांचा आहे आणि आठवी-नववीच्या विज्ञानाच्या पलीकडचं त्यात काहीच नाही.

डिस्कव्हरी वाहिनीवर २००३ साली सुरू झालेल्या 'मिथबस्टर्स' या कार्यक्रमात अ‍ॅडम सॅव्हेज आणि जेमी हायनमन हेच करायचे. त्यांच्याकडे कार्यशाळा होती, मोडायला गाड्या होत्या, सोबत बॉम्बविरोधी पथकाची माणसंही असायची. आपल्याकडे वही, मोजपट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा, फोनचा कॅमेरा आणि चार-सहा अंडी आहेत. तेवढ्यावर भागतं. उडी मात्र कुणी मारायची नाही. गच्चीवरून नाही, आणि पलंगावरून पुतण्यालाही मारू द्यायची नाही.

पायरी १ : दावा एका वाक्यात लिहा

"असं होऊ शकतं का?" हा प्रश्न तपासता येत नाही. "ताशी ११० किलोमीटर वेगाची बस सपाट रस्त्यावरून १५ मीटरची फट ओलांडेल का?" हा येतो. वाक्यात किमान दोन आकडे हवेत. ते नसतील तर सिनेमातून काढा.

पायरी २ : पडद्यावरून मापं काढा

मला सगळ्यात मजा इथेच येते. दृश्यात एखादी ओळखीची वस्तू शोधा आणि तिलाच फूटपट्टी करा. रिक्षा साधारण २.६ मीटर लांब असते, आपल्याकडच्या छोट्या गाड्या चार मीटरच्या आत बसतात, घराचा दरवाजा सुमारे दोन मीटर आणि इमारतीचा एक मजला तीन मीटर. व्हिडिओ थांबवून पडद्यावर चक्क पट्टी लावा. फटीत चार गाड्या मावत असतील तर फट १५ मीटरच्या आसपास. वस्तू आणि फट कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत ना, एवढं बघा, नाहीतर पुढची रिक्षा मागच्या इमारतीएवढी दिसते.

वेळ मोजायला चौकटी (फ्रेम) मोजा. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण दाबलं की एक चौकट पुढे सरकते, स्वल्पविरामाचं दाबलं की मागे.

आता खरी मेख. दृश्य संथ केलेलं असेल तर? ते पडणारी वस्तूच सांगते. एक मजला, म्हणजे तीन मीटर, पडायला ०.७८ सेकंद लागतात, म्हणजे जवळपास १९ चौकटी. हिरो एक मजला पडायला ४० चौकटी घेत असेल तर दृश्य निम्म्याहून संथ केलंय आणि सगळे वेळ त्या प्रमाणात कमी करायला हवेत. एकच उडी तीन बाजूंनी तीनदा दाखवली असेल तर अर्थातच एकदाच मोजा. मी पहिल्यांदा तिन्ही मोजल्या होत्या. त्या हिशेबाने हिरो पाचव्या मजल्याच्या उंचीवरून पडला होता आणि रस्ता दुसऱ्या मजल्यावर होता.

पायरी ३ : पडण्याचा आणि पुढे जाण्याचा हिशेब वेगवेगळा करा

हवेत गेलेली वस्तू पुढे कितीही वेगाने जात असो, खाली पडते ती आपल्याच गतीने. अर्ध्या सेकंदात १.२ मीटर, एका सेकंदात ४.९ मीटर, दोन सेकंदांत १९.६ मीटर. सूत्र एवढंच: पडलेलं अंतर = ४.९ × वेळ × वेळ. हवेचा विरोध सध्या विसरून जा.

बस घेऊ. ताशी ११० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३०.६ मीटर. १५ मीटरची फट ओलांडायला तिला ०.४९ सेकंद लागतात. तेवढ्यात ती १.१८ मीटर खाली येते. बसचं चाक जेमतेम एक मीटर उंच, म्हणजे चाक पलीकडच्या रस्त्यावर न टेकता रस्त्याच्या कडेवर आपटणार. त्यात पुढची चाकं आधी सुटतात आणि मागची अजून रस्त्यावर असतात, म्हणून बस नाक खाली करते ते वेगळंच. फटीचं माप आपण अंदाजे घेतलंय, म्हणून हिशेब दोन टोकांना करून बघा. फट १२ मीटर असली तर बस पाऊण मीटर खाली येते, १८ असली तर १.७ मीटर. दोन्हीकडे उत्तर तेच: सपाट रस्त्यावरून नाही.

इथे वही बंद करू नका. मिथबस्टर्सची एक सवय मला फार आवडायची. दावा फोल ठरला तरी ते थांबायचे नाहीत, "मग काय केलं तर हे घडेल?" हे शोधायचे. बसच्या बाबतीत उत्तर आश्चर्याचं आहे. रस्ता शेवटी फक्त साडेचार अंशांनी वर गेला असता, तर कागदावर तीच बस त्याच वेगात १५ मीटर पार करते. साडेचार अंश म्हणजे दहा मीटरमागे ८० सेंटीमीटर चढ, डोळ्यांना जाणवेल न जाणवेल इतका. स्टंटवाले चढती फळी (रॅम्प) लावतात आणि मग ती चित्रातून पुसून टाकतात, ती यासाठी. म्हणजे "वेग असला तर जाईल की" म्हणणारा पक्ष अगदीच चुकीचा नव्हता, त्याचा चढ तेवढा राहिला होता.

पायरी ४ : टेबलावर करून बघा

खेळण्यातली गाडी टेबलावरून ढकला आणि खाली जमिनीवर रांगोळीची पूड पसरा, म्हणजे गाडी कुठे टेकली ते नेमकं उमटतं. टेबल ७५ सेंटीमीटर उंच असेल तर पडायला ०.३९ सेकंद लागतात. गाडी ८० सेंटीमीटरवर पडली तर टेबल सोडताना तिचा वेग सेकंदाला दोन मीटर होता. हळू ढकलली की ती नाकावर पडते, जोरात ढकलली की जवळजवळ सपाट. फोनच्या स्लो मोशनमध्ये हे बघण्यासारखं असतं.

पण खेळण्यातल्या गाडीला काही झालं नाही म्हणून खऱ्या गाडीलाही होणार नाही, असं म्हणू नका. गाडी वीसपट मोठी केली की तिचे सांधे चारशेपट मजबूत होतात, वजन मात्र आठ हजारपट वाढतं. मुंगी टेबलावरून पडून चालू लागते आणि हत्ती खड्ड्यात पाय गेला तरी मोडतो, ते याच हिशेबाने.

पायरी ५ : झेलण्याचं गणित

दहाव्या मजल्यावरून पडलेल्या नायिकेला हिरो हातांवर झेलतो. यासाठी सूत्र पाठ करायची गरज नाही, एक भागाकार पुरतो: पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. उंची ३० मीटर, हात खाली जातात अर्धा मीटर, उत्तर ६०. म्हणजे तिच्या वजनाच्या साठपट जोर. पन्नास किलोची व्यक्ती त्या क्षणी हिरोच्या हातांना तीन टनांची लागते. दोघांचंही काय होईल ते लिहीत नाही. तिच्यासाठी हिरोचे हात आणि फरशी यांत फारसा फरक नाही. जीव थांबण्याच्या अंतरात असतो, म्हणून स्टंट करणारे हवेच्या गाद्यांवर किंवा रिकाम्या खोक्यांच्या ढिगावर पडतात. १५ मीटरवरून पडून दोन मीटरमध्ये थांबलं की भागाकार साडेसातवर येतो, आणि तो सोसता येतो.

घरी करायचा प्रयोग अंड्याचा. एक अंडं उंचावरून वर्तमानपत्रावर टाका. ते फुटणार हे माहीत असलं तरी टाकाच. तुलनेसाठी हा साधा, काहीही न बदललेला प्रयोग आधी हवा, नाहीतर पुढच्या अंड्याच्या वाचण्याला अर्थ नाही. मग दोघांनी चादर सैल, उभी धरायची आणि खालची कड झोळीसारखी वर उचलायची. त्या चादरीवर अंडं अंगातल्या सगळ्या ताकदीने फेका. ते फुटत नाही. आमच्याकडे पहिलं अंडं गेलं ते चादरीमुळे नव्हे, नेम चुकून भिंतीवर बसल्यामुळे.

गोळी लागून माणूस मागे उडून काचेतून बाहेर पडतो, याचा निकाल एका ओळीत लागतो. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने ७० किलोच्या माणसात रुतली तर माणसाला मिळणारा वेग सेकंदाला साडेचार सेंटीमीटर. मुंबईच्या लोकलमध्ये शेजारच्याचं कोपर याहून जोरात लागतं. शिवाय न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने गोळी झाडणाऱ्यालाही तेवढाच धक्का बसतो, मग तोही मागच्या काचेतून जायला हवा.

पायरी ६ : पलायनाच्या कथेचे तुकडे करा

सिनेमातला दावा एकच असतो. दंतकथेत चार-पाच दावे एकमेकांत गुंफलेले असतात, म्हणून आधी ते सुटे करा आणि सगळ्यात कच्चा तुकडा पहिल्यांदा तपासा.

अल्काट्राझचं उदाहरण घ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या या बेटावरच्या तुरुंगातून ११ जून १९६२ च्या रात्री फ्रँक मॉरिस आणि जॉन व क्लॅरेन्स अँग्लिन हे भाऊ निसटले. अंथरुणात खोटी डोकी ठेवली, हवा खेळायच्या झरोक्याभोवतीची भिंत कोरून बाहेर पडले आणि पन्नासहून अधिक रेनकोटांच्या तराफ्यावरून पाण्यात उतरले. पुढे काय झालं ते कुणालाच माहीत नाही. भिंतीचं भोक आणि डोकी सापडली, म्हणून तो तुकडा तपासायची गरजच नाही. उरले तीन.

तराफा तरंगेल का? एक लिटर हवा साधारण एक किलो उचलते. एक लिटरची रिकामी बाटली बूच लावून बादलीत दाबून बघा, हाताला कळतं. तराफा अंदाजे १.८ बाय ४.२ मीटर होता. त्याच्या कडेने फिरणारी नळी ३० सेंटीमीटर जाड धरली तर तिच्यात साडेआठशे लिटर हवा मावते. तीन माणसं म्हणजे सव्वादोनशे किलो. चौथा भागच बुडेल. कच्चा दुवा हवेत नसून शिवणीत आहे, आणि ती त्यांनी तुरुंगातल्या वाफेच्या गरम नळांवर दाबून चिकटवली होती. मिथबस्टर्सनी २००३ मध्ये तसाच रेनकोटांचा तराफा बनवून त्याच खाडीत घातला आणि उत्तर किनाऱ्याला लागले. त्यांचा निकाल होता: शक्य.

प्रवाह? गोल्डन गेटच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी ताशी सात किलोमीटरच्या पुढे जातं. वल्ही मारून त्याच्याशी झुंजणं व्यर्थ. मग सगळं येतं वेळेवर. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी त्या रात्रीची भरती-ओहोटी संगणकावर चालवून वेगवेगळ्या वेळी नावा सोडल्या. फार लवकर निघालेल्या समुद्रात वाहून गेल्या, फार उशिराच्या खाडीत आत ढकलल्या गेल्या. मध्यरात्रीच्या आसपास सुटलेल्यांना पुलाच्या उत्तरेला किनारा गाठायची संधी होती, आणि त्यांचं मागे सुटलेलं सामान एंजल बेटाकडे जात होतं. खरं वल्हं त्याच बेटाजवळ सापडलं होतं.

थंडी हा तिसरा तुकडा. पाणी दहा-बारा अंशांचं होतं. दोन सारखे स्टीलचे डबे गरम पाण्याने भरा, झाकणं लावा, एक ओट्यावर ठेवा, दुसरा थंड पाण्याच्या बादलीत. दहा मिनिटांनी बोट बुडवा. थर्मामीटर लागत नाही. बादलीतला डबा कितीतरी गार झालेला असतो, म्हणजे पाण्यात पोहत नव्हे, तराफ्यावर राहूनच थंडीतून निभावणं शक्य.

तिन्ही तुकडे शक्य, पण 'शक्य' म्हणजे 'झालं' नव्हे. एफबीआयने १९७९ च्या शेवटी तपास बंद केला, तो ते वाचल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही म्हणून. वहीत म्हणूनच निकालाचे दोन रकाने ठेवा: एक विज्ञानाचा, एक पुराव्याचा.

पायरी ७ : आपल्या घरची कथाही त्याच काट्यावर घाला

इथे हात जरा अडखळतो, मला ठाऊक आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कोंढाण्यावर चढले, आणि यशवंती घोरपडीने दोर वर नेला असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पराक्रमाला धक्का न लावता घोरपडीचा तुकडा वेगळा काढता येतो. हार्डवेअरच्या दुकानातून जाड दोराचा एक मीटर तुकडा आणा आणि वजन करा. मी आणलेला अंगठ्याएवढा जाड दोर मीटरला पाव किलोच्या थोडा वर भरला. तीस मीटरच्या कड्याला आठ किलो होतात. आपल्याकडची मोठी घोरपड सात किलोच्या आसपास असते. स्वतःहून जड दोर ओढत ती उभा कडा चढणार, वर पकड घेणार आणि मग खालून साठ किलोचा माणूस लटकणार. पातळ दोरी तिने नेली असती असं धरलं, तर ती वरून ओढून जाड दोर चढवायला कुणीतरी आधीच वर हवं. आणि वर माणूस असेल तर घोरपड कशाला हवी? (जिवंत घोरपडीवर प्रयोग करायचा विचारही नको. तिला वन्यजीव कायद्याने पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे.)

आता पुराव्याचा रकाना. घोरपड भेटते तुळशीदास शाहिरांच्या पोवाड्यात. घटनेनंतर साधारण पाव शतकाने लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत ती नाही. तिथे निवडलेले दोन मावळे आहेत. ते वानरासारखे कडा चढून गेले, वरून माळ (दोराची शिडी) सोडली आणि बाकीचे त्यावरून चढले. माझ्या वहीत त्या पानावर असं लिहिलंय: दोर नेणं – पातळ असेल तर. माणूस पेलणं – नाही. अंधारात, दोराशिवाय, पहिले दोघे – हो.