मिनिमम ड्यूच्या फेऱ्यातून बाहेर पडायचं असेल तर

सांगलीत पगारदारांच्या पतसंस्थेत मी कर्जाचं टेबल सांभाळते. पूर्वी लोक घराच्या स्लॅबसाठी, लग्नकार्यासाठी अर्ज भरायचे. हल्ली बरेच जण आधीची कर्जं भागवायला नवं कर्ज मागतात. मोबाइलचा हप्ता, फ्रिजचा हप्ता, गाडीचा हप्ता, त्यावर क्रेडिट कार्ड. सात तारखेला पगार जमा होतो, दहा तारखेला किराण्यापुरतेही पैसे उरत नाहीत, मग किराणाही कार्डावर. तुमच्याकडे असं चालू असेल तर आजच हालचाल करा. हे उशिरा आवरायला गेलं की फार महागात पडतं.

आधी एक कोरा कागद घ्या आणि सगळी देणी लिहून काढा : कोणाचे, बाकी किती, व्याज किती, हप्ता कोणत्या तारखेला. भिशी, सोनारापाशी ठेवलेलं गहाण, दुकानातली उधारी, मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने, सगळं. हातउसने लोक लिहीत नाहीत, कारण त्यांना व्याज नसतं. पण तेच परत करायला कार्डावरून एटीएममधून रोख काढलेली मी कितीदा पाहिली आहे. कार्डावरच्या रोख रकमेला बिनव्याजी मुदत नसते. काढतानाच शुल्क लागतं आणि व्याजही त्याच दिवसापासून.

आता कार्डाचं स्टेटमेंट उघडा. ‘एकूण देय’ आणि ‘किमान देय’ (मिनिमम ड्यू) असे दोन आकडे दिसतील. सगळा घोळ त्या दुसऱ्या आकड्यात आहे. समजा, बाकी ६०,००० आहे आणि व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. किमान देय साधारण पाच टक्के धरलं तर ३,००० रुपये. तुम्ही ते वेळेवर भरता, दंड लागत नाही, बरं वाटतं. पण महिन्याचं व्याज झालं २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. तीन हजारांतून मूळ रक्कम कमी झाली फक्त ५२२ रुपयांनी! असंच दर महिन्याला उरलेल्या बाकीच्या पाच टक्के दोन वर्षं भरत राहिलात आणि मध्ये एक रुपयाचीही खरेदी केली नाहीत, तर ढोबळ हिशेबाने ६५,००० भरून होतात आणि तरी साडेअठ्ठेचाळीस हजार बाकी राहते. हा हिशेब मी अर्जदारासमोर कॅल्क्युलेटरवर करून दाखवते. त्याशिवाय कोणाचा विश्वास बसत नाही.

आणखी एक गोष्ट स्टेटमेंटवर बारीक अक्षरात असते. मागची बाकी पूर्ण भरली नाही, तर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत जाते. आज घेतलेल्या तेलाच्या डब्यालाही आजपासून व्याज चालू. त्यामुळे बाकी असेपर्यंत त्या कार्डावर काहीही घेऊ नका. कार्ड कपाटात ठेवून भागत नाही, शॉपिंगच्या आणि जेवण मागवायच्या अ‍ॅपमध्ये सेव्ह केलेला नंबरही काढून टाका.

व्याजाला कायद्याने लगाम लागेल या आशेवर राहू नका. ३० टक्क्यांच्या वरचं व्याज राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये अनुचित ठरवलं होतं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

मग करायचं काय? महागडं देणं स्वस्त देण्यात बदला. तेच ६०,००० पतसंस्थेतून किंवा बँकेतून १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २,८८० बसतो. म्हणजे किमान देयापेक्षाही कमी, आणि दोन वर्षांत खातं निल. घरात एफडी पडून असेल तर ती मोडा. सात टक्के मिळवायचे आणि बेचाळीस भरायचे, यात बचत कसली? सोनं बँकेत तारण ठेवायला बायका कचरतात, मी समजू शकते. तरी कार्डापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

फक्त नव्या कर्जाचे पैसे आले की त्याच आठवड्यात कार्ड पूर्ण भरून बंद करा. इथेच माणसं घसरतात. कार्ड मोकळं झालं की पुन्हा स्वाइप होतं आणि सहा महिन्यांत दोन्ही कर्जं डोक्यावर बसतात. बाकी शून्य असेल तर अर्जानंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर झाला तर बँकेने दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे.

पतसंस्थेचं कर्ज घेताना जामीनदाराचा विचार करा. तुमचा हप्ता थकला की वसुली शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या पगारातून होऊ शकते. अशी तुटलेली मैत्री पुन्हा जुळताना मी पाहिलेली नाही. म्हणून देण्यांचा तो कागद खोटा लिहू नका, आमच्यापासूनही काही लपवू नका.

आणि घरी सांगा. नवऱ्याला, बायकोला, कमावत्या मुलाला. घरच्यांना कळलं की केबल, हॉटेल, वाढदिवसाचा हॉल आपोआप कमी होतो. लपवलं की घरचे आधीसारखेच खर्च करत राहतात, त्यात त्यांचा काय दोष?

हप्ते थकलेच असतील तर वसुलीवाल्यांचे फोन येतील. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, काहीच चालत नाही. तारीख-वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पैसे लागत नाहीत.

फोनवर कोणी ‘अर्धे भरा, सेटलमेंट करू’ म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. सिबिल म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणारी संस्था, तिच्या रिपोर्टमध्ये मग ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि पुढचं कर्ज अडतं. खरंच इलाज नसेल तरच तो रस्ता धरा, आणि तेव्हाही सेटलमेंटचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. पूर्ण भरलंत तर ना-देय दाखला मागून घ्या. दोन-तीन महिन्यांनी सिबिलचा रिपोर्ट काढून खातं बंद दिसतंय का पाहा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.